पंपात मिथेनॉल घालू नका, पान ते स्वतःच बनवतं

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत: "ताई, कृषी केंद्रवाल्यानं गुलाबी पाण्याची बाटली दिली. म्हणते का हे अंतराळ स्थानकात सापडलेले जिवाणू हायेत, अणुकिरणानंही मरत नाहीत, पाण्याचा ताण पडला तरी सोयाबीन तगवतात. वरून म्हणते, पंपामागं ५० मिली मिथेनॉल टाका, कारण त्याईचं खाणं तेच. वीस दिवसांपासून पाणी नाही, शेंगा भरायच्या हायेत. मारू का? आन् हे किरणोत्सर्गी तर नसन ना? घरात लहान लेकरं हायेत."

भाऊ, उत्तर लांबणार आहे. म्हणून आज संध्याकाळच्या आत जे कळायला हवं ते आधी सांगते. मिथेनॉल घालू नका. आणलं असेल तर घरात ठेवू नका. १५ लिटरच्या पंपात ५० मिली म्हणजे हजारी तीन-साडेतीन भाग. तेवढ्या पातळ पाण्यानं कोणी मरणार नाही, हे मान्य. मला भीती वाटते ती कोनाड्यात ठेवलेल्या कॅनची. दिसायला पाणी, वासाला दारूसारखं. शुद्ध मिथेनॉल १० मिली पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, ३० मिलीत जीव. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती दारूत आलेल्या मिथेनॉलनंच. ते कातडीतूनही शरीरात जातं, वाफेतूनही. पेटलं तर उन्हात ज्योत जवळजवळ दिसत नाही. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते मी तुम्हाला सांगायला नको. कोणी चुकून प्यालंच, तर त्याला बरं वाटतंय म्हणून थांबू नका. नजर धुरकट व्हायला बारा-चोवीस तास लागू शकतात. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि "मिथेनॉल पोटात गेलं" असं त्याच शब्दांत सांगा.

आता लेकरांचं. हे जिवाणू किरणोत्सर्गी नाहीत. रेनकोट घातलेला माणूस म्हणजे पाऊस नव्हे. यांना किरणोत्सर्ग सोसतो, एवढंच. ते स्वतः काहीही बाहेर फेकत नाहीत, आणि त्यांनी अंगावर किरण झेलले तरी ते पुढं कोणाला देत नाहीत. निरोगी माणसाला त्यांच्यापासून काही होत नाही. रक्तवाहिनीत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांमध्ये क्वचित संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. घरात केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर बाटली त्यांच्यापासून लांब ठेवा. बाकीच्यांनी रुमाल, हातमोजे, फवारणीनंतर अंघोळ, हे नेहमीचं सांभाळलं की झालं.

बाटलीवर 'मिथायलोबॅक्टेरियम' किंवा 'पीपीएफएम' असं लिहिलेलं असेल. पीपीएफएम म्हणजे गुलाबी रंगाचे, मिथेनॉलवर जगू शकणारे जिवाणू. 'शकणारे' हा शब्द महत्त्वाचा, कारण साखर, आम्लं, इतर खाणंही त्यांना चालतं. मिथेनॉल मिळालं तर ते आनंदानं खातात आणि त्याच्यावर पूर्ण आयुष्य काढू शकतात. हे बहुतेक जिवाणूंना जमत नाही. मिथेनॉलच्या रेणूत कार्बन एकच. आपल्या पेशींना लागणारे रेणू दोन-तीन-सहा कार्बनचे असतात, म्हणून एकेक वीट आणून भिंत बांधावी तसं यांना करावं लागतं.

वऱ्हाडातल्या एका जिवाणू खताच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काढली. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे, आणि शेवटच्या काळात हेही. सुरुवातीची दहा वर्षं तरी मी या जिवाणूंना शत्रू समजत होते. रायझोबियम वाढवायच्या प्लेट ओतून ठेवल्या की एखाददुसरीवर आठवड्यानं बारीक गुलाबी ठिपका उगवायचा. पिकलेल्या लाल पेरूच्या गरासारखा रंग, कोरडा, उठावदार. आमचे परिचर प्लेट उजेडाकडं धरून म्हणायचे, "मॅडम, हे पुन्हा गुलाबी झालं." मी म्हणायची, "ऑटोक्लेव्हला टाका," म्हणजे दाबाच्या वाफेत जंतू मारायच्या यंत्रात. लॅमिनारचा फिल्टर बदलला, फॉर्मेलिनचा धूर दिला, भांडण झालं, कोणाचं तरी स्वच्छतेवरून बोलणं खाल्लं. ते हवेतूनच येत होते, खिडकीबाहेरच्या कडुनिंबावरून आणि आमच्याच कपड्यांवरच्या धुळीतून.

नंतर वाचलं तेव्हा जरा हायसं वाटलं. या कुळातला जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेला वाण, एएम-१, हादेखील ऑक्सफर्डमध्ये हवेतून पडलेला बिनबोलावता पाहुणाच होता. पील आणि क्वेल यांनी १९६१ मध्ये त्याच्यावर लिहिलं, आणि एक कार्बनी अन्नातून शरीर बांधायचा रस्ता पुढं त्याच्याच साहाय्यानं उलगडला. मी मात्र दहा वर्षं उकळून फेकत होते.

तुमच्या सोयाबीनशी सगळ्यात जवळची गोष्ट अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातली आहे. मार्क हॉलंड आणि जो पोलाको सोयाबीनमधल्या युरिएज या विकरावर (एन्झाइमवर) काम करत होते. युरिया फोडतं ते विकर. त्यांच्याकडं असे वाण होते की ज्यांत ते विकर असायलाच नको होतं. तरी पानांत थोडं सापडतच होतं. शेवटी कळलं की ते सोयाबीनचं नव्हतंच, पानावर राहणाऱ्या गुलाबी जिवाणूंचं होतं. ही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पुढं त्यांनी बियाणं कोरड्या उष्णतेत ठेवून हे जिवाणू कमी केले, तर उगवण घटली. जिवाणू परत दिले, तर बरीचशी सावरली. २०२० च्या खरिपात आपल्याकडं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? त्या बियाण्याचं काय झालं याची कारणं बरीच असतील, मी त्यात या जिवाणूंना ओढत नाही. पण बियाण्याच्या टरफलावरही कोणी राहतं आणि मे महिन्यात पत्र्याखाली रचलेल्या पोत्यात तेही भाजतं, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही.

मग पानावर मिथेनॉल येतं कुठून? याचं उत्तर तुमच्या संत्र्यात आहे. संत्रा सोलल्यावर सालीच्या आतून जो पांढरा, स्पंजासारखा भाग निघतो, त्यात पेक्टिन भरपूर असतं. जाम घट्ट होतो तो त्यामुळंच. प्रत्येक झाडाच्या पेशीभिंतीत पेक्टिन असतं, विटांमधल्या गिलाव्यासारखं. कोवळ्या पानाला वाढायचं असतं तेव्हा भिंत सैल करावी लागते, मग पुन्हा घट्ट. ते करताना एक विकर पेक्टिनला चिकटलेले मिथाइल गट तोडतं, आणि प्रत्येक तुटलेल्या गटामागं मिथेनॉलचा एक रेणू सुटतो. संत्र्याचा रस काढून तसाच ठेवला तर त्यातही अगदी किंचित असंच होतं. घाबरू नका, ते फारच थोडं असतं.

पानात सुटलेलं हे मिथेनॉल रात्रभर आतच साठतं, कारण पर्णरंध्रं मिटलेली असतात. सकाळी ऊन चढू लागलं की रंध्रं उघडतात आणि साठलेली वाफ एकदम बाहेर पडते. कोवळं पान जास्त सोडतं, जून पान कमी. अळीनं कुरतडलं तर आणखी वाढतं. धुऱ्यावरचं गवत कापल्यावर जो वास येतो, त्यात इतर अनेक वाफांबरोबर हेही असतं. म्हणजे रंध्राच्या तोंडाशी बसलेल्या जिवाणूला रोज सकाळी न्याहारी दारात येते. एका ग्रॅम पानावर हे हजारांपासून पार कोटीपर्यंत असू शकतात. तुमच्या वावरात आजही आहेत. पऱ्हाटीवर आहेत, तुरीवर आहेत, धुऱ्यावरच्या बोरीवर आहेत. ही बाटली आणायच्या आधीपासून.

यावरून विक्रेत्याचा सल्ला तपासा. पंपातून मारलेलं पातळ मिथेनॉल पानावर किती वेळ राहणार? ते ६५ अंशाच्या आसपास उकळतं, तेव्हा आपल्या दुपारच्या उन्हात थेंब सुकायच्या आधीच उडून जाणार. आणि जिवाणूचं खाणं जिथं बनतं तिथंच तो बसलेला आहे. स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला डबा पाठवायची गरज काय?

हा सल्ला विक्रेत्यानं हवेतून काढलेला नाही, हेही सांगते, म्हणजे त्याला सरळ खोटारडा म्हणायला नको. १९९२ मध्ये नोनोमुरा आणि बेन्सन या दोघांनी अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात पिकांवर मिथेनॉल फवारून उत्पादन वाढल्याचं प्रसिद्ध केलं. त्यात कापूसही होता. बेन्सन म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, झाडं कार्बन कसा पकडतात त्या चक्राला ज्यांचं नाव आहे त्यांतले एक. त्यामुळं गवगवा झाला. ठिकठिकाणी चाचण्या लागल्या, आणि बहुतेक ठिकाणी भरवशाचा फायदा काही दिसला नाही. विषय तिथंच विझला. पण जुनी आश्वासनं मरत नाहीत, तीस वर्षांनी कुठल्या तरी माहितीपत्रकात पुन्हा उगवतात.

आणखी एक मजेची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिथेनॉल खाताना जिवाणूची पहिली पायरी काय? त्याचं फॉर्मल्डिहाइड करणं. तेच, ज्याचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मेलिन, ज्यात कॉलेजातले बेडूक ठेवतात. आपल्या यकृतातही पहिली पायरी तीच, पुढं फॉर्मिक आम्ल. आपल्याला ते आम्ल झटपट जाळता येत नाही. ते साठतं आणि डोळ्याच्या नसेवर घाव घालतं. जिवाणू मात्र फॉर्मल्डिहाइड हातात ठेवतच नाही. एका खास सहविकराला ते ताबडतोब बांधतो, फॉर्मिक आम्लावर नेतो. काही भाग जाळून ताकद काढतो, काही भाग शरीर बांधायला वळवतो. विष तेच, घरची व्यवस्था वेगळी.

ही पहिली पायरी करणाऱ्या विकराला धातू लागतो. वर्षानुवर्षं पुस्तकात कॅल्शियम लिहिलेलं होतं. मग २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की लँथेनम हा दुर्मिळ मृदा धातू मिळाला तर त्यावर चालणारं वेगळंच विकर हा जिवाणू बनवतो. दुर्मिळ मृदा धातूंना जीवसृष्टीत काही काम नसतं, असं मी स्वतः पोरांना शिकवलं होतं. लँथेनम आणि त्याचा भाऊ सिरियम तुमच्या घरातही आहेत. लायटरच्या खड्यात असतात. जुन्या वरातीत पेट्रोमॅक्स यायची, तिच्या जाळीतही टक्काभर सिरियम असायचं. बाकी सगळं थोरियम, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी. ती जाळी आपण तोंडाजवळ धरून फुंकायचो, आणि आता बाटलीतल्या जिवाणूला घाबरतो आहोत!

ज्या जिवाणूवर हे दिसलं त्याचं नाव मिथायलोबॅक्टेरियम रेडिओटॉलरन्स. नावातच किरणोत्सर्ग सोसणारा. तो अंतराळात नाही, तांदळाच्या दाण्यावर सापडला. धान्यावरच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना इतो आणि इझुका यांनी १९७१ मध्ये जपानमध्ये त्याची नोंद केली, तेव्हा नाव स्यूडोमोनास रेडिओरा होतं. १९८३ मध्ये ग्रीन आणि बाउसफील्ड यांनी त्याला आजच्या घराण्यात आणलं.

किती सोसतो? आधी माप समजून घ्या. किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाला नाही, तर निम्मी माणसं मरतात. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून शंभर ग्रेच्या आतबाहेर देतात. मसाल्यांतले जंतू मारायला काही हजार ग्रे लागतात, इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करायला पंचवीस हजार. आपल्या पोटातला ई. कोलाय काहीशे ग्रेमध्ये गारद होतो. रेडिओटॉलरन्स त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खातो आणि उठून बसतो. सगळ्यांचा उस्ताद मात्र वेगळाच, डिनोकॉकस रेडिओड्युरन्स. तो १९५६ मध्ये अमेरिकेत किरण देऊन निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात जिवंत सापडला. तो ५००० ग्रे सहज पचवतो.

इथं एक साधा प्रश्न विचारा. पृथ्वीवर कुठल्याही वावरात, डोंगरात, समुद्रात एवढा किरणोत्सर्ग नाही, जवळजवळ कधीच नव्हता. मग ज्या संकटाशी गाठच पडली नाही, त्याची ढाल यांनी घडवली कशी? उत्तर अमेरिकेतल्या लुइझियानात मिळालं. १९९६ मध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी डिनोकॉकसचे ४१ असे वाण घेतले जे किरणांपुढं कमजोर पडलेले होते. ते सुकवून पाहिले. सगळेच्या सगळे सुकण्यापुढंही कमजोर निघाले. म्हणजे ढाल सुकण्यासाठी घडली होती, किरणांसाठी नव्हे. पेशी कोरडी पडली की तिचा डीएनए तुटतो, ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनी प्रथिनं जळतात. किरणांनी होतं तेही जवळपास हेच. तुटलेला डीएनए जोडायची आणि जळण विझवायची कला ज्यानं दुष्काळात शिकली, त्याला किरण फुकटात सोसतात. गुलाबी रंगही त्याच कामाचा. तो गाजरातल्या रंगाच्या जातीचा, कॅरोटिनॉइड. उन्हाचा मारा अंगावर घेतो.

आता मे महिन्यातलं तुमचं गाव डोळ्यांपुढं आणा. ४५-४६ अंश, दुपारी काळी माती हातभर भेगाळलेली, धुऱ्यावरच्या पळसाचं पान दुमडलं तर कडकन मोडतं. त्या पानावर हा बसलेला असतो, मृगाची वाट बघत. मला विचाराल तर किरण सोसणं वगैरे दुय्यम आहे. याची खरी करामत विदर्भातला उन्हाळा काढण्याची आहे. कूलरच्या टाकीत कधी कधी फिकट गुलाबी बुळबुळीत थर धरतो ना? बहुतेकदा याचाच किंवा अशाच एखाद्या दुसऱ्या जिवाणूचा. यांना नळातलं क्लोरीनही बरंच सोसतं, म्हणून घासल्याशिवाय जात नाही.

अंतराळ स्थानकाची गोष्ट खोटी नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून आणलेल्या नमुन्यांत या कुळातले चार वाण मिळाले. त्यांतले तीन नव्या जातीचे ठरले आणि २०२१ च्या मार्चमध्ये तिला 'मिथायलोबॅक्टेरियम अजमली' नाव दिलं, अण्णामलाई विद्यापीठातल्या अजमल खान या जैवविविधतेच्या अभ्यासकांच्या सन्मानार्थ. हैदराबाद विद्यापीठाचे शास्त्रज्ञ त्या कामात होते. पण ते जिवाणू तिथं जन्मले नाहीत. माणसांच्या, सामानाच्या, धुळीच्या अंगानं वर गेले, जसे माझ्या प्लेटवर यायचे. आणि तुमच्या बाटलीत तेच आहेत असं मानायला काही आधार नाही. बाटलीवर अवकाशयानाचं चित्र आहे म्हणून आत अवकाश नसतं.

किरणांच्या नावानं दचकायचं असेल तर आधी अकोल्याकडं बघा. टीएयू-१ उडीद आपल्याकडं वर्षानुवर्षं पेरला. टीएजी-२४ भुईमूग कोणी पेरला नाही? टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्रानं बियाण्यावर किरण टाकून उत्परिवर्तनं घडवली, त्यांतून आणि त्यांच्या संकरातून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर हे वाण निघाले. त्यांच्या शेंगा तुम्ही-आम्ही भाजून खाल्ल्या.

बरं, मग फायदा होतो का? होऊ शकतो, बेताचा. हे जिवाणू झाडाला सायटोकायनिन देतात, पान लवकर पिवळं पडू न देणारं संप्रेरक. काही वाण ताणात वाढणारं इथिलीन कमी करायला मदत करतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठ पाण्याच्या ताणासाठी पीपीएफएमची शेकडा एक फवारणी सुचवतं. म्हणजे लिटरला १० मिली, तुमच्या पंपाला १५० मिली. मी वावरात जे पाहिलं ते असं: आठ-दहा दिवसांच्या खंडात फवारलेली तासं दुपारी थोडी उशिरा माना टाकायची, संध्याकाळी लवकर सावरायची. वीस-पंचवीस दिवसांच्या खंडात मला डोळ्यांनी फरक सांगता आला नाही. जिवाणू पाणी बनवत नाही, राजेहो.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर क्रम असा लावला असता. विहिरीत किंवा शेततळ्यात तुषार चालवण्यापुरतं पाणी असेल तर एक संरक्षित ओलित, मग तेवढ्यात अर्धंच वावर भिजलं तरी चालेल. शेंग भरताना मिळालेल्या एका ओलिताची बरोबरी कुठलीच बाटली करत नाही. पाणी नसेल तर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) शेकडा एकनं फवारा, ते स्वस्त आणि पारखलेलं आहे. त्यानंतर हातात पैसे उरले तर ही बाटली, आणि तीही खरी असेल तर.

खरी आहे का, हे कसं ओळखायचं? एकदा एक शेतकरी बाटली घेऊन आले होते, कंपनीचं नाव सांगत नाही. झकास गुलाबी, रुह अफजासारखं. मी दहादहापट पातळ करत प्लेटवर टाकलं, सात दिवस ठेवलं. गुलाबी ठिपका एक नाही. पांढरे, पसरट, वासाचे भलतेच जंतू निघाले. मग बाटली आठवडाभर टेबलावर तशीच ठेवली. रंग वरपासून खालपर्यंत सारखाच. तिथं माझ्या लक्षात आलं. या जिवाणूचा रंग पेशीत असतो, पाण्यात सुटत नाही. खऱ्या बाटलीत पेशी हळूहळू खाली बसतात, तळाला गुलाबी गाळ धरतो आणि वरचं पाणी फिकट होतं. शरबतासारखं एकसारखं गुलाबी असेल तर तो रंग टाकलेला असण्याची शक्यता मोठी. हा पक्का पुरावा नव्हे. ग्लिसरीन किंवा डिंक घातलेली बाटली उशिरा बसते, आणि गाळ बसला म्हणून तो जिवंतच असतो असंही नाही. पण दुकानातून उठायच्या आधी एवढं बघता येतं. बरोबर उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख आणि मिलीला किती पेशी ते वाचा. रायझोबियमसारख्या द्रवरूप जिवाणू खतांना खत नियंत्रण आदेशात मिलीला किमान दहा कोटी लागतात. इथंही त्याच्या खालचा आकडा असेल तर मी घेतली नसती. आणि बाटली दुकानदारानं कुठं ठेवली होती, काचेच्या कपाटात उन्हात का सावलीत, तेही डोळ्यांनी बघा. उन्हाळा सोसणारा जिवाणू पानावर सोसतो, बंद प्लॅस्टिकमध्ये शिजत नाही असं नाही.

मारायचीच ठरली तर विहिरीचं पाणी घ्या, क्लोरीनचं नको. पंप तणनाशकाचा असेल तर दुसरा मागून आणा. धुऊनही विश्वास नको. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोसायक्लीन हे जिवाणू मारणारं औषध यांच्यात मिसळू नका, मागंपुढं आठवडाभराचं अंतर ठेवा. वेळ संध्याकाळची, पानाची पाठ भिजली पाहिजे. आणि चार तासं न फवारता सोडा, खुंट्या ठोकून. कापणीला दोन्हीकडच्या सारख्या लांबीच्या तासांचं सोयाबीन वेगळं झोडपून तोला. दुकानदार काय म्हणतो, मी काय म्हणते, यापेक्षा तो काटा तुमच्या कामाचा.

तुम्हाला हे जिवाणू डोळ्यांनी बघायचे असतील तर बाटलीही लागत नाही. जवळच्या विज्ञान महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे सर-मॅडम असतील, त्यांना विचारा. क्षारांचा अगर (जिवाणू वाढवायची जेली), त्यात कार्बन म्हणून फक्त अर्धा टक्का मिथेनॉल. तेही अगर हाताला सोसेल इतका निवल्यावर आणि बर्नर विझवून, आणि हे काम त्यांनीच करायचं. तुम्ही फक्त पान न्यायचं. सकाळी दहाच्या आत, शेंड्याकडून तिसरं, न धुतलेलं, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. त्यांना पानाची पाठ अगरवर पाच-दहा सेकंद हलकी दाबायला सांगा आणि उचलून घ्यायला सांगा. दोन दिवस काहीच दिसणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी झाकण न उघडता प्लेट उजेडाकडं धरा. पानाचाच आकार उमटलेला असतो, शिरांसकट, बारीक गुलाबी ठिपक्यांनी भरलेला.